पत्र्याच्या गॅरेजात सुतारकाम: कूलर फसला, आता एसी घ्यावा का?

रंधेवाले काका (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजात सुतारकाम मांडलं. पाट, चौरंग, नातवाला पांगुळगाडा, आपली झेप एवढीच. गॅरेज दहा बाय अठरा, उंची दहा फूट, वर पत्रा, मागे एक बारीकशी खिडकी. शटर नेमकं पश्चिमेला.

आमच्याकडे पारा 33-34 च्या वर सहसा जात नाही. पण दुपारी अडीचला गॅरेजात 38 असतं आणि डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटतं. रंधा मारताना नाकावरून घाम थेट फळीवर. नागपूरच्या मेव्हण्यांनी आग्रह करकरून कूलर घ्यायला लावला. तासाभरात 38 चे 35 झाले खरे, पण आर्द्रता 50 वरून 66 वर गेली. अंग असं चिकचिकलं की भुसा दंडाला चिकटून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रंध्याच्या पात्यावर तांबूस गंजाचे बोटांचे ठसे. माझेच!

आता एसीचा विचार आहे. सौ. म्हणते, "घरात माणसांना एसी नाही आणि पाटांना एसी?" मुद्दा बिनतोड आहे, म्हणून इथे विचारतोय.

वऱ्हाडी ठोक्या (अकोला)
काका, कूलरला नावं ठेवू नका! आमच्याकडे मे महिन्यात 44-45 असते, पण हवा कोरडी ठक्क. पाणी उडते, गारवा देते. तुमच्या हवेत आधीच पाणी भरलेलं, ते आणखी किती पिणार? अन् शटर लावून कूलर चालवला असेल तर अकोल्यातही घामच निघाला असता. त्याला मागून बाहेरची हवा लागते अन् समोरून निघायला वाट लागते.

पडवीकर (मालवण)
आधी छप्पर बघा, यंत्रं मागाहून. आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पावसाळा सरला की मांडव घालतात, त्याखाली भर दुपारी माणसं सुपारी सोलत बसतात. तसाच मांडव पत्र्याच्या वर घाला. बांबूचा सांगाडा, त्यावर झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या), आणि पत्रा नि झाप यांत फूटभर मोकळी जागा सोडा, म्हणजे मधून वारा खेळेल. झाप पत्र्यावरच टाकलात तर पहिल्या पावसात कुजून पत्रा खाईल. मिरगाच्या आधी उतरवायचे. शटरपुढेही हातभर अंतरावर हिरवी शेडनेट बांधा. ऊन शटरवर पडल्यावर आतून पडदा लावण्यात हशील नाही.

कोणी पत्र्याला चुना फासा म्हणेल. फासा, पण चिकटावा म्हणून त्यात मीठ घालतात ते नको. खाऱ्या वाऱ्याने आधीच पत्रा अर्धा गेलेला असतो.

मोटर वाइंडिंगवाली (वसई)
काका, मीही बारा वर्षं पत्र्याखालीच काम करतेय. एसीचा हिशोब सांगते. तुमच्या छपरावर भर दुपारी साधारण पंधरा किलोवॅटचं ऊन पडतं. सगळं आत येत नाही, तरी एक टनाचा एसी जेमतेम साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. त्यात शटरच्या फटी. मीटर पळेल, तुम्ही घामातच.

गरम हवा पत्र्याखाली साठते, म्हणून मागच्या भिंतीत जितका उंच बसेल तितका उंच एक्झॉस्ट लावा. खोली साधारण 51 घनमीटर आहे. तासाला 1500 घनमीटर ओढणारा पंखा घेतलात तर हवा दोन मिनिटांत बदलते. शटर खालून दोन फूट उघडं ठेवायचं, नाहीतर पंखा ओढणार काय? मोटर पूर्ण बंदिस्त कवचाची घ्या, भुशाने उघडी मोटर जाते. छताचा पंखा काढा, तो वरची भट्टी तुमच्या टकलावर ओततो (टक्कल नसेल तर माफी). स्टँडवरचा पंखा बाजूने अंगावर घ्या, घाम वाळला की निम्मं काम झालं.

आतून थर्माकोल मुळीच लावू नका. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.

रंधेवाले काका
तीन आठवड्यांनी कळवतोय. मांडव घातला, झाप शेजारच्या वाडीतून मिळाले. एक्झॉस्ट बसवायला भिंत फोडली तेव्हा सौ. दोन दिवस बोलली नाही. काल अडीचला आत 34, बाहेर 33. घाम आहेच, पण आता फळीवर ठिबकत नाही. पत्र्याला आतून हात टेकवता येतो, पूर्वी चटका बसायचा. तरी बारा ते तीन मी आडवाच होतो, ते सोडणार नाही.

वसईच्या ताई, टक्कल आहे.

पावसाळ्यात हत्यारांच्या कपाटात चाळीसचा बल्ब जळत ठेवणार आहे आणि पात्यांना शिलाई मशीनचं तेल. खोबरेल लावलं होतं, त्याचा चिकटा झाला.

कूलर माळ्यावर पडून आहे.

वऱ्हाडी ठोक्या
कितीत देता?