खोल समुद्राच्या तळावरचे सूत्रकृमी नेमकं खातात तरी काय?

शंकासुर:
चार-पाच हजार मीटर खोल तळावरच्या सूत्रकृमींबद्दल (नेमाटोड, म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी) वाचत होतो. लांबी बहुतेकांची मिलिमीटरभरही नाही, पण संख्या चौरस मीटरमागे लाखाच्या घरात! तिथे उजेड नाही, म्हणजे शेवाळही नाही. मग एवढं मोठं खटलं पोसलं कसं जातं? गांडुळासारखा चिखल गिळतात का? शिवाय एके ठिकाणी त्यांचे तोंडावरून चार गट पाडलेले दिसले, तर दुसरीकडे लिहिलंय की काहींना तोंडच नसतं. जाणकारांनी खुलासा करावा.

पाणकोंबडा:
वरच्या पाण्यातली मेलेली प्लवकं (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), विष्ठा, चिकट पदार्थ यांचे पुंजके सतत खाली पडत असतात. सागरी हिम म्हणतात त्याला. सगळी आयत्या बिळावरची मंडळी. विषय संपला.

गाळगणेश:
पाणकोंबडेसाहेब, इतक्यात कुठे संपतोय! पृष्ठभागावर जेवढं अन्न तयार होतं त्यातलं शेकडा एकाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी, त्या खोलीला पोचतं. तेही निम्मंअर्धं पचवून झालेलं.

गाळातले सूत्रकृमी निवडणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावतो. बारीक चाळणीवर उरलेला गाळ रोझ बेंगाल या रंगाने रंगवला की कृमी गुलाबी दिसतात. एकेक सुईच्या टोकावर उचलायचा आणि ग्लिसरिनमध्ये बसवायचा. तो हळूहळू पारदर्शक होतो, मग तोंडातला दात, त्यामागचा जाड स्नायूंचा घसा, सगळं आरपार दिसतं. हा घसा म्हणजे पंप. स्नायू आवळले की मधली पोकळी उघडते आणि तोंडापुढचं आत ओढलं जातं. काहींचं तोंड इतकं चिंचोळं की जीवाणूच्या आकाराचंच काय ते आत शिरावं. तेव्हा गांडुळासारखं सरसकट गिळणं विसरा.

ते चार गट व्होल्फगांग वीझर या संशोधकाने १९५३ साली पाडले. तोंडाची पोकळी जवळजवळ नसलेले, वेचून खाणारे. मोठी पण बिनदाताची पोकळी असलेले, फारशी निवड न करणारे. लहान दातांनी कणांवरचा थर खरवडणारे किंवा पेशी फोडून शोषणारे. आणि मोठे दात-जबडे असलेले शिकारी. खोल तळावर पहिल्या तीन गटांचीच चलती, शिकारी कमीच.

पण माझ्या मते या वर्गवारीला लोक फार डोक्यावर घेतात. घरात सुरी आहे एवढ्यावरून आज जेवायला काय केलंय ते कळतं का? जतन केलेल्या कृमीच्या आतड्यात ओळखू येण्याजोगं बहुतेक वेळा काहीच सापडत नाही.

शंकासुर:
मग कळायचं कसं? जिवंत असताना बघत नाहीत का?

गाळगणेश:
उथळ खाडीतल्या जातींना ताटलीत खाताना पाहिलेलं आहे. खोल पाण्यातल्यांना वर आणताना दाब आणि तापमान दोन्ही बदलतं, मग त्यांचं खाणं नेहमीसारखं असेल याची खात्री कोण देणार? म्हणून आडवळणाने जातात. कार्बन-१३ ने (कार्बनचा जरा जड प्रकार, म्हणजे समस्थानिक) खूण केलेलं शेवाळ तळावर टाकायचं आणि ती खूण कुणाच्या अंगात उतरते ते तपासायचं. ईशान्य अटलांटिकमधल्या पॉर्क्युपाइन या समुद्रतळावरच्या मैदानावर, सुमारे ४८०० मीटर खोलीवर, असा प्रयोग झाला. २००३ साली तो छापून आला. पहिल्या काही दिवसांत हात मारला तो मोठ्या प्राण्यांनी, म्हणजे पॉलिकीट (समुद्रातले वलयांकित कृमी) वगैरेंनी. अशा प्रयोगांत सूत्रकृमींच्या वाट्याला खूण फार थोडी आलेली दिसते. संख्येने सर्वात जास्त असलेलेच ताज्या अन्नावर तुटून पडत नाहीत! मला यातलं सगळ्यात आवडणारं हेच.

मग भागतं कशावर? जीवाणू, गाळात मुरलेलं जुनं सेंद्रिय द्रव्य, कदाचित विरघळलेलंही. रीमान आणि हेल्मके या संशोधकांनी २००२ मध्ये आणखी एक शक्यता मांडली: कृमी आणि जीवाणू दोघेही बाहेर विकरं (पचन घडवणारी एन्झाइम्स) सोडतात, कणांचं पचन शरीराबाहेरच होतं आणि सुटलेला रस दोघांनाही मिळतो. मला पटते ही कल्पना, पण तळावर ते घडताना दाखवणं महाकठीण.

सागरिका:
बिनतोंडाच्यांचं राहिलं की!

गाळगणेश:
हो ताई. अ‍ॅस्टोमोनेमा नावाचा वंश आहे. त्याला तोंड नाही आणि आतड्याच्या जागी जीवाणू भरलेले, पोषण त्यांच्याकडून. पण यातल्या माहितीतल्या जाती बऱ्याच उथळ पाण्यातल्या आहेत, 'खोल तळावर कुणालाच तोंड नसतं' असा अर्थ काढू नका.

बॅरंट्स समुद्रात हाकोन मॉस्बी नावाचा चिखल-ज्वालामुखी (तळातून चिखल आणि वायू बाहेर टाकणारी जागा) आहे, सुमारे १२८० मीटर खोलीवर. तिथे जीवाणूंचे पांढरे थर पसरलेत आणि त्यांत हॅलोमॉनहिस्टेरा हा सूत्रकृमी खच्चून भरलेला असतो. याला व्यवस्थित तोंड आहे. अंगातल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून दिसतं की तो गंधकयुक्त सल्फाइडवर जगणाऱ्या जीवाणूंवर ताव मारतो, वरून काय पडतंय याची वाट बघत बसत नाही. आणि अंडी बाहेर न घालता पिल्लं पोटातच उबवतो, बहुधा बाहेरच्या विषारी सल्फाइडमुळे.

पाणकोंबडा:
बरं, 'आयतं' हा शब्द मागे घेतो. 'विषय संपला' मात्र गणेशराव म्हणतील तेव्हाच.