चर्चा: 'ॲकी ब्रेकी हार्ट' चाललं ते चालीमुळे की नाचामुळे?

धागाकर्ता: अमेरिकन कंट्री गायक बिली रे सायरसचं हे पहिलंच सिंगल (सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं), 1992 चं. अमेरिकेच्या कंट्री (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार) यादीत 5 आठवडे पहिलं, हॉट 100 या सर्व प्रकारच्या गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत. 'दोनच कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट म्हणजे कॉर्ड) बाळबोध गाणं' म्हणून त्याला नेहमी हिणवलं जातं. मला ती दोन कॉर्डच त्याची खरी ताकद वाटते. ए आणि ई, म्हणजे आपल्या भाषेत षड्जाची आणि पंचमाची कॉर्ड. 4 मात्रांचा एक बार धरला तर पहिले तीन बार ए, चौथ्यापासून सातव्यापर्यंत ई, आठव्याला पुन्हा ए. कडवं आणि ध्रुवपद दोन्ही याच साच्यात. कान कुठेच अडखळत नाही, दुसऱ्यांदा ऐकताना माणूस गाऊ लागतो.

प्रतिसाद 1: साफ असहमत. हेच गाणं 1991 मध्ये मार्सी ब्रदर्स या गटाने 'डोन्ट टेल माय हार्ट' या नावाने गायलं होतं. गीतकार तोच, डॉन व्हॉन ट्रेस. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. मग वर्षभरात चाल एकदम थोर झाली का? फरक पडला तो सायरसची कंपनी मर्क्युरी रेकॉर्ड्स हिच्या आखणीने. नृत्यदिग्दर्शिका मेलनी ग्रीनवूडकडून लाइन डान्स (रांगेत सगळ्यांनी एकसारखी पावलं टाकण्याचा नाच) बसवून घेतला आणि तो आधीच नाचाच्या क्लबांपर्यंत पोचवला. गाणं रेडिओवर रुळेपर्यंत लोकांच्या पायात पावलं बसलेली होती. कंट्री गायक ट्रॅव्हिस ट्रिटने तेव्हा जाहीर टीका केली ती याच नाचऱ्या बाजावर, आणि मला ती पटते.

धागाकर्ता: मार्सी ब्रदर्सचा मुद्दा बिनतोड नाही. त्यांच्या गाण्याच्या नावात 'ॲकी ब्रेकी' नव्हतं. जिभेवर घोळणारे ते दोन शब्दच लोक दुकानात जाऊन मागतात. आणि नाच कुठल्याही गाण्यावर बसत नाही. 8 बार म्हणजे 32 मात्रा, नाचणारे आठ-आठ मोजतात, म्हणजे बरोबर चार आठ. कडवं संपून ध्रुवपद आलं तरी मोजणी मोडत नाही. मध्येच दोन मात्रांची शेपटी जोडलेली असती तर अख्खी रांग चुकीच्या पायावर आली असती.

प्रतिसाद 2: दोघेही मोजणीची पद्धत विसरताय. या याद्या काढणाऱ्या बिलबोर्ड मासिकाची अल्बम यादी मे 1991 पर्यंत दुकानदारांनी सांगितलेल्या अंदाजावर बनायची आणि त्यात कंट्री मागे पडायचं. मग साउंडस्कॅन ही विक्री नोंदवणारी यंत्रणा आली, गल्ल्यावरची प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. त्याच सप्टेंबरात कंट्री गायक गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन द विंड' हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. सायरसचा 'सम गेव्ह ऑल' (याच गाण्याचा अल्बम) 17 आठवडे पहिला राहिला तो या नव्या मोजणीत. चाल आणि नाच यांनी गाणं चालवलं हे खरं, पण ते किती चाललं हे दिसलं गल्ल्यामुळे.

प्रतिसाद 1: हे अल्बमबद्दल मान्य. पण कंट्री सिंगलची यादी रेडिओवर किती वाजलं त्यावर ठरायची. तिथे गल्ल्याचा संबंध नाही, म्हणून माझा क्लबांचा मुद्दा उभाच आहे.

प्रतिसाद 3: 'बाळबोध' म्हणणाऱ्यांनी एकदा गिटारवर साथ करून पाहावी. नवशिका हमखास चुकतो तो चौथ्या बारला. चार बार ए वाजवून पाचव्याला ई धरायची सवय हाताला असते, इथे बदल एक बार आधी येतो. शब्दाची ओळ जिथे टेकते तिथेच ई आली पाहिजे, उशीर झाला की गायक उघडा पडतो. दुसरी चूक म्हणजे कंटाळून मध्ये डी ही तिसरी कॉर्ड घुसडणे. ती घातली की नाचातला ताण सैल पडतो, कारण ई चे चार बार धरून ठेवल्यावरच ए ला परतण्याची ओढ लागते. वरच्या पट्टीच्या आवाजासाठी तिसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावा: बोटं ए-ई चीच, सूर सी-जी चे. आणि लय धावू देऊ नका, पायतालासाठी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 120 च्या आसपास ठेवा. ध्रुवपदाला सगळेच पळतात आणि नाचणाऱ्यांची वळणं हुकतात.