पुण्यातलं घर, भाड्याचं आणि स्वतःचं: तुमचे अनुभव लिहा

जून लागला की आमच्या गल्लीत टेम्पो दिसायला लागतात. गुंडाळलेल्या गाद्या, दोरीने आवळलेला फ्रिज, आणि ड्रायव्हरशेजारी तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसलेली बाई. शाळा सुरू व्हायच्या आत घर लावायचं असतं. मी चौदा वर्षांत सात घरं बदलली. कर्वेनगरचं घर सोडताना साठ हजार डिपॉझिटपैकी एक्केचाळीस हजार परत आले. "रंगाचे चौदा, साफसफाईचे पाच." बेडरूमच्या भिंतीला ओल आम्ही राहायला गेलो तेव्हापासून होती, पण तसं दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता. पुढच्या घरात किल्ली मिळाली त्याच दिवशी भिंती, नळ, मीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो मालकांना पाठवले आणि त्यांच्याकडून 'ठीक आहे' लिहून घेतलं. तीन वर्षांनी घर सोडलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम खात्यात होती.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये असं म्हटलंय. पण राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, आणि आपल्याकडे १९९९ चाच भाडे नियंत्रण कायदा चालतो. ही मर्यादा इथे यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. आमदारांकडे जायचं तर हातात आपले खरे अनुभव हवेत, म्हणून हा धागा. भाडेकरू, घरमालक, सोसायटीचे पदाधिकारी, सगळ्यांनी लिहा. व्यक्तींची आणि बिल्डरांची नावं मात्र नकोत.

कॉट नंबर ४

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा कॉट. भाडं खोलीचं नाही, कॉटचं. पावती नाही, करार नाही. एका रात्री मालकांनी सांगितलं, परवापर्यंत खोली रिकामी करा, पार्टी बघून गेली आहे. पंधरा दिवसांवर मुख्य परीक्षा. आमच्यातला एक एलएलबी करत होता, त्याने भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचून दाखवलं: लेखी, नोंदणी केलेला करार करणं ही मालकाची जबाबदारी. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही सहाही जण एकत्र गेलो, आवाज न चढवता हे सांगितलं. परीक्षा होईपर्यंत मुदत मिळाली. एकटा गेलो असतो तर दारातूनच परत पाठवलं असतं.

निवृत्त शिक्षिका, कोथरूड

मी घरमालकीण आहे. यजमानांच्या प्रॉव्हिडंट फंडातून वारज्यात वन बीएचके घेतला, त्याच्या भाड्यावर माझी औषधं चालतात. एका भाडेकरूने चार महिने भाडं थकवलं आणि मुदत संपल्यावर "काय करायचं ते करा" म्हणाला. नशीब, करार नोंदवलेला होता. एजंट म्हणत होता नोटरी करू, स्वस्तात पडतं. स्वस्त कसलं? अठरा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास आणि नोंदणी फी हजार रुपये लागली, एवढंच. त्याच कागदावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे घर परत मिळवून देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता आला. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं हेही तिथेच कळलं. घर ताब्यात यायला सात महिने लागले. ते दिवस मला परत नकोत, पण मी कुणाचं पाणी तोडलं नाही की सामान बाहेर काढलं नाही. तो मार्ग सुचवणारे पुष्कळ भेटले. पाणी-वीज तोडणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे, आणि आत त्याची दोन लहान मुलं होती.

आणखी एक. घर भाड्याने दिलं म्हणून आमची सोसायटी महिन्याला दीड हजार जादा घ्यायची. ना-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. त्याची प्रत सर्वसाधारण सभेत ठेवली. माझं सेवाशुल्क चौदाशे, म्हणजे शुल्क एकशे चाळीस. जेवढे वाचले तेवढं भाडं मी पुढच्या भाडेकरू मुलीला कमी केलं. ती नर्स आहे, रात्रपाळी करते.

वाड्यातली लेक

शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्या आजोबांनी १९५२ साली भाड्याने घेतल्या. पानशेतच्या पुरात खालचा मजला पाण्यात होता, तरी वाडा उभा राहिला. भाडं माझ्या लहानपणी अडतीस रुपये. लोक म्हणतात, मजा आहे तुमची. पावसाळ्यात मागच्या भिंतीची माती सुटायची आणि आई रोज सकाळी ती सुपलीत भरून बाहेर टाकायची. तुळईखाली आम्ही लोखंडी टेकू लावला होता, त्याला धरून मी चालायला शिकले म्हणे. मालकांवर राग धरावासा वाटला नाही, कारण नऊ बिऱ्हाडांच्या भाड्यात एका खोलीची कौलंसुद्धा बदलून होत नव्हती. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ. अडतीसचे चार टक्के म्हणजे दीड रुपया.

मग महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली. सगळ्यांच्या पोटात एकच भीती: एकदा बाहेर पडलो की हक्क गेला. ओळखीच्या वकीलकाकांनी सांगितलं, जागा सोडण्याआधी कुणाच्या ताब्यात किती क्षेत्र आहे ते मोजून महापालिकेच्या कागदावर घ्या. टेप घेऊन अभियंता आला. आईने माळ्याखालचा कोनाडासुद्धा मोजायला लावला. "इथे माझी पिठाची डबी असायची, हे घरातच आहे." तिला त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणा साहेबापुढे एवढं ठाम बोलताना पाहिलं. नंतर मालक, बिल्डर आणि आम्ही असा नोंदणीकृत करार झाला. सध्या धायरीत भाड्याने राहतोय, हे चौथं वर्ष. बिल्डरकडून मिळायचं भाडं दोनदा थकलं, पण करारात तारीख लिहिलेली असल्याने नऊही बिऱ्हाडांनी मिळून नोटीस पाठवली आणि ते आलं. आई दर गुरुवारी बसने जाऊन बांधकाम कुठवर आलं ते बघून येते.

एकटी, ३४

सोळा घरं पाहिली. फोनवर सगळी रिकामी असतात. मी एकटी राहणार म्हटल्यावर चार गेली, आडनाव सांगितल्यावर पाच. "सोसायटीला चालत नाही" असं मालक म्हणतात आणि "मालकांची इच्छा नाही" असं चेअरमन. शेवटी ज्या आजींनी घर दिलं त्यांनी एकच विचारलं, "गॅस लावता येतो ना?" चार वर्षं तिथेच आहे.

वाघोलीहून

स्वतःचं घर म्हणजे सुटका असं वाटलं होतं. आमचं गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी एक. घरपट्टी आली, नळाला पाणी नाही. पहाटे पाचला टँकरचा पाइप टाकीत पडल्याचा आवाज आला की जाग येते. एप्रिलमध्ये मेंटेनन्सच्या निम्म्याहून जास्त पैसे त्यातच जातात. महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत स्वतः पाणी पुरवण्याचं हमीपत्र बिल्डरने परवानगी घेताना दिलं होतं, हे आम्हाला चार वर्षांनी माहिती अधिकारात कळलं. नवीन घर घेणाऱ्यांनो, महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचे कागद उघडून वाचा, आणि नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका.

सेक्रेटरी, बिबवेवाडी

आमची इमारत १९८९ ची. फ्लॅट आमचे, जमीन मात्र कागदावर बिल्डरचीच. रीडेव्हलपमेंटचा विषय निघाल्यावर हे समजलं. तोवर बिल्डर वारले होते आणि मुलं फोन उचलत नव्हती. फ्लॅट मालकी कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. बत्तीस सभासदांची करारपत्रं आणि इंडेक्स टू (कराराच्या नोंदणीचा उतारा) गोळा करण्यात एक दिवाळी गेली. एका काकूंचा करार हरवला होता, तो शेवटी लग्नाच्या शालूच्या घडीत सापडला. आता मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव आहे. कुणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर देतो, पैसे लागणार नाहीत.

(आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं.)

जनता वसाहतीत खोली भाड्याने. लाईटचं मीटर मालकाचं, तो युनिटला बारा रुपये घेतो. बिल बघायला मागितलं तर म्हणतो, परवडत नसेल तर जा. आम्ही सात-आठ बाया आहोत त्याच्या खोल्यांत. आता ठरवलंय, पैसे देताना वहीत लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. दोघींनी घेतलीय. मी पाच तारखेला मागणार आहे.