‘साफ करा’, ‘गुप्त’ आणि ‘सूचना’: ब्राउझरमधील काही शब्दांविषयी

मूळ प्रश्न

ब्राउझर नव्याने वापरू लागलेल्या प्रौढ वाचकांसाठी मी मराठीत एक छोटी मार्गदर्शिका लिहीत आहे. पान नीट उघडत नसेल तर काय करावे, नको असलेल्या जाहिराती कशा थांबवाव्यात आणि दुसऱ्याच्या संगणकावर काम करताना कोणती काळजी घ्यावी, एवढाच तिचा आवाका आहे. अडचण शब्दांची येते. ‘कॅशे साफ करा’, ‘इतिहास साफ करा’ आणि ‘कुकी साफ करा’ या तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच असले तरी परिणाम मात्र तीन वेगवेगळे होतात. ‘गुप्त विंडो’ हा शब्दही मला खटकतो, पण तो नेमका का खटकतो हे नीट मांडता येत नाही. अशा शब्दांना नवे मराठी प्रतिशब्द द्यावेत, की रूढ शब्द ठेवून त्यांचा अर्थ उलगडून सांगावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

आपण क्रियापदाचा उल्लेख केलात, हे फार चांगले झाले, कारण अशा चर्चांमध्ये नामांवर पुष्कळ वाद होतो आणि क्रियापदांकडे कोणी पाहत नाही. मराठीत आपण धूळ, अडगळ, डाग साफ करतो. जे साफ केले ते पुन्हा हवे होते, अशी भावना त्या शब्दात कुठेच नसते. त्यामुळे ‘साफ करा’ हे बटण दाबताना काही गमावले जाईल अशी शंका वापरणाऱ्याच्या मनात येत नाही, आणि पुढच्या क्षणी प्रत्येक खात्यातून बाहेर फेकले गेल्यावर तो गोंधळून जातो.

आता तिन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहू. कॅशे म्हणजे पाहिलेल्या पानांतील चित्रे, अक्षरसंच, मांडणी यांच्या प्रती, ज्या ब्राउझर आपल्याच उपकरणावर साठवतो, म्हणजे ते पान पुन्हा उघडताना त्या नव्याने मागवाव्या लागत नाहीत. हा साठा काढून टाकला तरी वापरणाऱ्याचे काहीच जात नाही. पुढच्या भेटीत पान थोडे सावकाश उघडते आणि साठा आपोआप पुन्हा भरतो. म्हणून येथे ‘कॅशे रिकामी करा’ असे लिहावे, कारण रिकामी केलेली वस्तू पुन्हा भरता येते हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘कॅश’ की ‘कॅशे’ असाही प्रश्न काही जण विचारतात. मूळ फ्रेंच शब्दाचा इंग्रजीतील उच्चार ‘कॅश’ असा असला, तरी मराठीत ‘कॅश’ म्हटले की रोख रक्कमच डोळ्यांसमोर येते, म्हणून लिहिताना ‘कॅशे’ हेच रूप मला सोयीचे वाटते.

‘इतिहास’ म्हणजे येथे आपण उघडलेल्या पानांची यादी, आणि यादीतल्या नोंदी ‘पुसल्या’ जातात. पुसलेले अक्षर परत येत नाही, ही जाणीव या क्रियापदात आहे आणि ती येथे आवश्यकही आहे, कारण क्रोममध्ये खात्याचे समक्रमण (सिंक, म्हणजे सर्व उपकरणांवरील माहिती एकसारखी ठेवणे) चालू असेल तर एका उपकरणावर पुसलेल्या नोंदी त्याच खात्याच्या इतर उपकरणांवरूनही जातात.

कुकीचे तसे नाही. कुकी हा मजकुराचा एक छोटा तुकडा असतो. संकेतस्थळ तो आपल्या ब्राउझरकडे ठेवायला देते आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक भेटीत तो जसाच्या तसा परत दाखवतो, त्यामुळेच आपण कोण हे संकेतस्थळाला ओळखता येते. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी ही युक्ती ब्राउझरात आणली, आणि नाव घेतले ते प्रोग्रॅमिंगमध्ये आधीपासून असलेल्या ‘मॅजिक कुकी’ या संज्ञेवरून. खाद्यपदार्थाशी तिचा संबंध जोडून अर्थ समजावण्यात हशील नाही. कुकी ‘काढून टाकली’ की ओळख तुटते, म्हणून मार्गदर्शिकेत त्याच वाक्यात ‘यानंतर सर्व खात्यांत पुन्हा प्रवेश करावा लागेल, तेव्हा पासवर्ड आधी हाताशी ठेवावेत’ असे लिहिणे मला अत्यावश्यक वाटते.

क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींमध्ये संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्या की या सर्व गोष्टी एकाच चौकटीत समोर येतात, आणि गोंधळाचे मूळ बरेचसे तेथेच आहे. केवळ पान जुने दिसत असेल तर त्या चौकटीत जाण्याचीही गरज नसते. कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळांनी तेवढे एक पान साठ्याला वळसा घालून नव्याने मागवता येते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मला मान्य आहे, पण एक सावधगिरी सुचवतो. वाचकाच्या पडद्यावर बटणाचे जे नाव असेल, तेच मार्गदर्शिकेत आधी यायला हवे. आपण कितीही समर्पक शब्द योजला आणि पडद्यावर तो नसला, तर वाचक तो शोधत बसेल. ब्राउझरसाठी घडवलेल्या ‘न्याहाळक’ या शब्दाचे असेच झाले. शब्द चांगला आहे, पण न्याहाळणे म्हणजे बारकाईने, मन लावून पाहणे, आणि पाने ज्या क्रियेने आपण सहसा उलटतो तिला मराठीत ‘चाळणे’ म्हणतात. त्यावरून ‘चाळक’ करावा तर तो ‘चालक’ असा ऐकू येतो. ‘ब्राउझर’ सर्वांना कळतो, तो राहू द्यावा. याच न्यायाने कुकीचे अनेकवचनही सोडवता येईल. कंपनी-कंपन्या, बॅटरी-बॅटऱ्या यांप्रमाणे व्याकरणाने ‘कुक्या’ होते, त्यात काहीच गैर नाही, परंतु पडद्यावर अनेकवचनातही ‘कुकी’ असे दिसत असेल तर मार्गदर्शिकेनेही तेच लिहावे.

आता ‘गुप्त’विषयी. गुप्तहेर, गुप्तधन, गुप्तदान या शब्दांत ‘गुप्त’चा अर्थ ‘इतर कोणालाही ठाऊक नसलेले’ असा आहे. अशा नावाची विंडो उघडली की आपण काय पाहतो हे कोणालाच कळत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. ही सोय ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये २००५ साली ‘खाजगी’ या अर्थाच्या नावाने आली, आणि २००८ मध्ये क्रोमने तिला ‘इन्कॉग्निटो’ म्हटले. तो शब्द इटालियन आहे आणि त्याचा अर्थ ‘न ओळखलेला’ असा आहे. लपलेला असा अर्थ त्यात नाही. मराठीत याला अगदी जवळची कल्पना ‘अज्ञातवास’ ही आहे. पांडव विराटाच्या राजधानीत सर्वांच्या डोळ्यांसमोर वावरत होते. ते दिसत होते, पण ओळखू येत नव्हते, आणि ओळख पटली असती तर अट मोडली असती. या विंडोत नेमके असेच घडते. संकेतस्थळाला कोणीतरी आल्याचे दिसते, मात्र जुन्या कुकी सोबत नसल्यामुळे ओळख लगेच पटत नाही, आणि आपण स्वतःच्या खात्यात प्रवेश केला की हा अज्ञातवास तेथेच संपतो. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीला किंवा कार्यालयाचे नेटवर्क चालवणाऱ्याला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे या विंडोतूनही कळू शकते. उतरवून घेतलेल्या फाइली आणि जतन केलेल्या वाचनखुणा (बुकमार्क) विंडो बंद केल्यावरही उपकरणावर राहतात. पुसली जाते ती फक्त या उपकरणावरील भेटींची नोंद, आणि त्या विंडोतल्या कुकी.

म्हणून मी असे लिहीन: ‘गुप्त विंडो, म्हणजे या उपकरणावर नोंद न ठेवणारी विंडो.’ नाव पडद्यावरचे राहते आणि अर्थ खरा होतो. मार्गदर्शिकेत तिचा आणखी एक उपयोग जरूर सांगावा. एखादे पान नेहमीच्या विंडोत बिघडते आणि गुप्त विंडोत नीट चालते, असे आढळले तर दोष बहुधा जुन्या कुकीत, कॅशेत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयीत, असतो, कारण क्रोम आपल्या परवानगीशिवाय एक्स्टेन्शन त्या विंडोत चालू देत नाही.

तिसरा प्रतिसाद

मला ‘सूचना’ या शब्दाकडे लक्ष वेधायचे आहे, कारण माझ्या मते सर्वाधिक त्रास याच शब्दातून होतो. मराठीत सूचना म्हणजे काय करावे याविषयी दिलेले मार्गदर्शन, किंवा जाहीर निवेदन. ‘हे संकेतस्थळ आपल्याला सूचना पाठवू इच्छिते’ असे वाचल्यावर विचारी माणूसही ‘अनुमती द्या’ दाबतो, कारण सूचना नाकारणे शहाणपणाचे नाही असे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. त्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती आणि ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे खोटे इशारे उगवू लागतात, आणि त्यांचा त्या एका होकाराशी संबंध आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. येथे ‘सूचना, म्हणजे त्या संकेतस्थळाने केव्हाही पाठवलेले निरोप’ असे स्पष्ट लिहावे. दिलेली अनुमती क्रोममध्ये सेटिंगमधील गोपनीयतेच्या विभागात, साइट सेटिंगखाली, एकेका संकेतस्थळापुरती परत घेता येते, हेही सांगावे.

एक्स्टेन्शनच्या ‘ॲड-ऑन’ या दुसऱ्या नावाचा घोळ तर देवनागरीनेच निर्माण केला आहे. इंग्रजीत जोडणे आणि जाहिरात यांच्यासाठीचे शब्द वेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात, पण आपल्या लिपीत दोन्ही ‘ॲड’ होतात. ‘ॲड-ऑन काढून टाका’ हे वाक्य जाहिराती काढण्याविषयी आहे असे समजणारे वाचक आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. ‘एक्स्टेन्शन’ लिहावे आणि प्रथम उल्लेखात ‘ब्राउझरला जोडलेली जादा सोय’ असे स्पष्टीकरण द्यावे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बटणाचे नाव पडद्यावरचे ठेवून त्याच वाक्यात परिणाम सांगायचा, ही पद्धत मी स्वीकारते. ‘रिफ्रेश’ हा एक शब्द मात्र राहिला. पान पुन्हा मागवण्यासाठी सगळे ‘रिफ्रेश करा’ म्हणतात, तसेच म्हणावे का?

पहिला प्रतिसाद देणारे

बोलण्यात चालेल, पण लिहिताना टाळावे. फायरफॉक्सच्या इंग्रजी आवृत्तीत समस्यानिवारणाच्या पानावर नेमके ‘रिफ्रेश’ याच नावाचे बटण आहे. ते दाबल्यास पासवर्ड, वाचनखुणा, भेटींच्या नोंदी आणि कुकी टिकतात, मात्र सर्व एक्स्टेन्शन आणि आपण केलेले बदल निघून जातात. फोनवरून ‘रिफ्रेश करा’ एवढेच सांगितल्यास समोरची व्यक्ती त्यातले काय करील याचा भरवसा नाही. पानासाठी ‘पान पुन्हा लोड करा’ असे लिहावे, आणि त्या बटणाविषयी स्वतंत्र परिच्छेदात, काय जाईल हे आधी सांगून मगच लिहावे.