मदत हवी आहे: स्विंगमध्ये हात कंबरेच्या आधीच पळतात
मंडळी, मी बेसबॉलमध्ये उजव्या हाताने बॅटिंग करतो. टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेला बॉल छान बसतो, पण ६० फूट ६ इंचांवरून पिचरने टाकला की सगळं बिघडतं. व्हिडिओ हळू करून पाहिला: पुढचा पाय टेकायच्या आतच हात सुटतात, डावं कोपर काठीसारखं ताठ होतं आणि बॅट लांबून वळसा घेऊन येते. आतला, म्हणजे अंगाजवळून येणारा बॉल मग मुठीजवळ लागतो, बोटं नुसती झिणझिणतात!

आधी कंबर, मग खांदे, शेवटी हात हा क्रम पाठ आहे (पाठ असून काय उपयोग म्हणा). पण कंबर आधी फिरवायला गेलो की पुढचा खांदाही सोबत उघडतो आणि बाहेरचा, अंगापासून लांबचा बॉल हुकतो. खांदा रोखून नुसती कंबर कशी सोडायची? आणि मागचं कोपर बरगडीजवळ मुद्दाम आणायचं, की ते आपोआप येतं?