शब्दचर्चा : मेलांजाना, पेटोंचानो आणि वांगं

प्रश्न : इटालियनमध्ये वांग्याला ‘मेलांजाना’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘वेडं सफरचंद’ असा होतो, असं वाचलं. वांग्याचा सफरचंदाशी काय संबंध? जुन्या पुस्तकांत ‘पेटोंचानो’ असाही शब्द सापडतो. ती भाजी वेगळी का?

उत्तर : भाजी एकच, आणि दोन्ही शब्दांचं मूळही एकच. संस्कृत ‘वातिंगण’वरून प्राकृतातून आपलं ‘वांगं’ आलं. तोच शब्द फारसीत ‘बादिंगान’ आणि अरबीत ‘बादिंजान’ झाला. प्राचीन रोमन लोकांना वांगं माहीतच नव्हतं. ८२७मध्ये अरब सिसिलीत उतरले, ८३१मध्ये त्यांनी पालेर्मो घेतलं. तिथल्या त्यांच्या राजवटीत लिंबू, नारिंग, ऊस यांची लागवड बेटावर रुजली. वांगंही इटलीला अरबांकडूनच मिळालं.

‘बादिंजान’ आणि ‘पेटोंचानो’ सावकाश म्हणून बघा. ब-चा प, द-चा ट, ज-चा च. ‘मेलांजाना’त मात्र सुरुवातीला ‘मेला’ (सफरचंद) घुसलं, कारण परका शब्द लोकांनी ओळखीच्या शब्दाला जोडून घेतला. मग त्याची फोड ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडं किंवा रोगट फळ, अशी होऊ लागली. वांगं खाल्ल्याने डोकं फिरतं हा समज त्या काळी होताच, त्याला या फोडीने बळ मिळालं. तेव्हा ‘वेडं सफरचंद’ हा मूळ अर्थ नव्हे, मागाहून लावलेला आहे.

प्रश्न : मग ‘पेटोंचानो’ आजही चालतो का? आणि ही भाजी दक्षिण इटलीचीच का समजली जाते?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं आहे, आणि ते पाककृतींचे लेखक पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी लिहून ठेवलंय. १८६१मध्ये इटली एक राज्य झालं, पण स्वयंपाकघरं आणि बोली प्रांतोप्रांतीच्याच राहिल्या. आर्तुसींनी १८९१मध्ये फ्लॉरेन्सला स्वखर्चाने पाककृतींचं पुस्तक काढलं आणि पुढच्या आवृत्त्यांत ते वाढवत नेलं. वांग्याच्या नोंदीचं शीर्षक त्यांनी ‘पेटोंचानी’ असंच दिलंय. तिथे ते सांगतात की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी आणि बडीशेपेचे कंद क्वचितच दिसत. ज्यू लोकांचं खाणं म्हणून ते हलकं मानलं जाई. आणि मग ते स्पष्ट म्हणतात की ज्यूंना चांगल्या वस्तूची पारख ख्रिस्ती लोकांपेक्षा नेहमीच जास्त होती.

पंधराव्या शतकात सिसिलीवर स्पेनमधल्या अरागॉनच्या राजाची सत्ता होती. १४९२च्या फर्मानाने तिथल्या ज्यूंना बेट सोडावं लागलं. हाकललेल्या माणसांबरोबर वांग्याचे पदार्थही उत्तरेकडे गेले, असं अनेक खाद्येतिहासकार मानतात. मला ही गोष्ट वाचताना दर वेळी वाईट वाटतं. भाजीवरचा डाग खरं तर माणसांवरचा होता.

आज व्यवहारात ‘मेलांजाना’च चालतो. सिसिलीच्या बोलीत ‘मुलिंचाना’, नेपल्सच्या बोलीत ‘मुलिन्याना’.

पुरवणी : सिसिलीची ‘कापोनाता’ करून पाहा. वांग्याच्या फोडी तळायच्या, टोमॅटो, सेलरी, हिरवी ऑलिव्ह, खारवलेल्या केपरच्या कळ्या घालायच्या, शेवटी व्हिनेगर आणि साखर. गार झाल्यावर खातात. त्यातला टोमॅटो मात्र अमेरिकेतून, म्हणजे अरबांच्या कितीतरी नंतर आला. साखरेचा इटालियन शब्द ‘झुक्केरो’ही शर्करा–शकर–सुक्कर याच वाटेचा. आणि ‘बादिंजान’ पोर्तुगीजांकडे ‘बेरिंजेला’ होऊन भारतात परतला, तो म्हणजे आपल्याकडच्या इंग्रजीतला ‘ब्रिंजल’.

प्रश्न : मराठीत लिहायचं कसं? मेलांझाना, मेलान्झाना, मेलांजाना?

उत्तर : ‘मेलांजाना’ लिहावं, आणि ज ‘जहाज’मधला म्हणावा, ‘जीवन’मधला नव्हे. हा उच्चार हिंदी लिपीव्यवस्थेत सहज दाखवता येत नाही, मराठी माणसाच्या जिभेवर तो आधीच आहे. अनेकवचन ‘मेलांजाने’. पण पाककृती मराठी वाचकासाठी असेल तर सरळ ‘वांगी’ लिहा.