इच्छामरण, दयामरण की आणखी काही?

दांडियाबाजार
काकांच्या मेंदूला मार लागून अडीच महिने झाले. शुद्ध नाही, येईल असंही कोणी म्हणत नाही. व्हेंटिलेटरचं काय ते ठरवा, असं डॉक्टर सुचवताहेत. शेजारच्या काकी 'इच्छामृत्यु' म्हणाल्या, मी आजीला सांगताना त्याचं 'इच्छामरण' केलं. आजी म्हणाली, "इच्छा कुणाची गं?" मग 'दयामरण' म्हणून पाहिलं, तर भडकलीच: "दया करायला तो काय गाडीखाली आलेलं कुत्रं आहे?" मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

पोथीवाला
आजींचं बरोबर आहे. इच्छामरण म्हटलं की भीष्म. शंतनूने वर दिला, आणि भीष्मांनी तो वापरला कशासाठी? उत्तरायण लागेपर्यंत मरण थोपवून धरायला! 'प्रायोपवेशन' सुचवणार होतो (विनोबांचं शिक्षण आपल्या बडोद्यातलं, १९८२ साली पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं), पण तेही शुद्धीवरच्या माणसानेच करायचं.

निवृत्त सिस्टर
ताई, शब्द राहू दे, आधी डॉक्टरांना विचारा: मेंदूमृत म्हणताय की कोमा? घरचे दोन्ही एकच धरतात. मेंदूमृत म्हणजे मेंदूचा खोडाचा भाग कायमचा बंद. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे तो मृत्यूच. चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. तिथे यंत्र काढलं तरी कुणाला 'मरू दिलं' असं होत नाही, माणूस आधीच गेलेला असतो. कोमाचं तसं नाही. त्यातून पुढे डोळे उघडतात, श्वासही आपला आपण चालतो, पण ओळख नाही. त्याला पुस्तकात 'वनस्पतिवत अवस्था' म्हणतात. नातेवाइकांसमोर तो शब्द मी एकदाही काढला नाही.

केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग आठवा. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत वनस्पतिवत अवस्थेत, मुंबईच्या त्याच केईएम रुग्णालयात. इतकी वर्षं त्या यंत्रावर नव्हत्या, परिचारिका त्यांना भरवत. म्हणजे तिथे 'यंत्र काढू का' हा प्रश्नच नव्हता, 'भरवणं थांबवू का' हा होता, आणि केईएमच्या बायका नाही म्हणाल्या. भरवणं थांबवण्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला, पण त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार काढून घ्यायची वाट ठेवली. पेपरवाले त्याला 'निष्क्रिय इच्छामरण' म्हणतात. नळी काढताना मी शेजारी उभी राहिलेय. निष्क्रिय वगैरे काही वाटलं नाही.

मी 'उपचार थांबवणे' म्हणते.

फतेगंज
सिस्टर, 'उपचार थांबवले' ऐकलं की लोक विचारतात, पैसे संपले का? आणि आपल्याकडे खरं काय होतं ते सांगू? डॉक्टर म्हणतात, 'घरे लई जाओ, सेवा करो.' घरचे 'डामा'च्या (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय, अशा) कागदावर सही करतात, अँब्युलन्समध्येच सगळं आटोपतं. मग डॉक्टरांनीही काही केलेलं नसतं आणि घरच्यांनीही. माझ्या वडिलांच्या वेळी हेच झालं. त्या सहीला काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

निवृत्त सिस्टर
मान्य. म्हणून मी अर्धंच वाक्य सांगत नाही: 'यंत्र काढायचं, त्रास कमी करणारी औषधं चालू ठेवायची, माणसाजवळ बसायचं.' लांबडं आहे, पण खरं आहे. आणि डामाची गरज नाही. उपचार काढून घेण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल २०२३ मध्ये सोपा केलाय: डॉक्टरांची दोन मंडळं आणि जवळच्यांची संमती. मॅजिस्ट्रेटना कळवावं लागतं, त्यांची परवानगी मागत बसावं लागत नाही.

पोथीवाला
त्याच निकालातल्या 'लिव्हिंग विल'ला (पुढे शुद्ध गेली तर कोणते उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवणं) लोक 'जिवंतपणीचं मृत्युपत्र' म्हणतात, ते तर कानाला फारच खटकतं. 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणा. त्यात निदान इच्छा त्या माणसाची स्वतःची असते.

दांडियाबाजार
काकांनी तसं काही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं: कोमा, मेंदूमृत नाही. सिस्टरांचं वाक्य आजीला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नळी काढल्यावर त्याच्या तोंडात गंगेचं पाणी घालता येईल का?" सिस्टर, येईल का?

निवृत्त सिस्टर
ओठांवर दोन थेंब, गिळायला नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरला आधी सांगून ठेवा.